घड्याळाच्या कंपनीनं कॅमेरा करावा का? नव्या धंद्यात उतरण्याआधीचा पाठ

(हा पाठ गटाच्या मासिक बैठकीत एकीनं मोठ्यानं वाचावा, बाकीच्यांनी ऐकावा. हिशेबाच्या भागाला वही-पेन जवळ ठेवा. शेवटी चर्चेचे प्रश्न आहेत.)



गट दोन-तीन वर्षं नीट चालला, बचत वेळेवर जमली, अंतर्गत कर्जाची परतफेड चोख झाली, बँकेचं कर्ज मंजूर झालं, की बैठकीत एक वाक्य हमखास ऐकू येतं: "आता काहीतरी नवीन करूया." हे वाक्य चांगलंच आहे. पण त्याच्या पाठोपाठ जो ठराव लिहिला जातो, त्यात दहा-बारा जणींच्या घामाचे पैसे असतात. म्हणून या अंकात आपण "नवीन करावं का, आणि करायचं तर कसं ठरवावं" हा विषय घेतला आहे.

समजा, मुरुडमधल्या एखाद्या गटात असा ठराव आला: "शनिवार-रविवारी पुळणीवर पर्यटकांची गर्दी असते. डॉल्फिन बघायला जाणारे असतात, घोडागाडीवाले असतात. आपण चांगला डिजिटल कॅमेरा आणि फोटोचा प्रिंटर घ्यावा. जागच्या जागी फोटो काढून हातात द्यावा. पन्नास रुपये फोटो." ऐकायला छान वाटतं. हात वर करावा का?

हाच प्रश्न जगातल्या मोठमोठ्या कंपन्यांपुढेही आला होता. कोणी घड्याळं करत होतं, कोणी टीव्ही, कोणी संगणक. "डिजिटल कॅमेऱ्याचा बाजार वाढतोय, आपण उतरावं का?" असं त्या सगळ्यांनी आपापल्या बैठकीत विचारलं. कोणी उतरलं आणि टिकलं, कोणी उतरलं आणि परत फिरलं, कोणी बुडालं. त्यांचे पैसे गेले, पण धडा आपल्याला फुकट मिळतो. तो घेऊया.

१. ज्यानं शोध लावला तोच बुडाला

अमेरिकेतली कोडॅक कंपनी तुम्हाला आठवत असेल. लग्नाच्या अल्बममधले जुने फोटो पाठीमागून बघा, कागदावर तिचं नाव सापडेल. १८८८ पासून या कंपनीनं घराघरात फोटो पोहोचवला. तिची खरी कमाई कॅमेऱ्यावर नव्हती. कॅमेरा स्वस्तात द्यायचा आणि मग रोल, रोल धुण्याचं रसायन, फोटोचा कागद विकत राहायचं, असा तो धंदा होता. शिलाई मशीन एकदाच विकलं जातं, पण दोरा कायम लागतो, तसंच.

१९७५ साली याच कंपनीतल्या स्टीव्ह सॅसन नावाच्या तरुण इंजिनिअरनं रोल न लागणारा कॅमेरा तयार केला. वजन साडेतीन किलोच्या वर. एक काळा-पांढरा फोटो कॅसेटच्या टेपवर उतरायला २३ सेकंद लागायचे. म्हणजे डिजिटल कॅमेरा जन्माला आला तो कोडॅकच्याच घरात.

पुढं काय झालं? लोक म्हणतात, "कोडॅकला नवीन युग दिसलंच नाही." हे पूर्ण खरं नाही. कोडॅकनं पुढं डिजिटल कॅमेरे भरपूर विकले. २००५ साली अमेरिकेत सगळ्यात जास्त डिजिटल कॅमेरे तिचेच खपत होते. अडचण वेगळीच होती. डिजिटल कॅमेऱ्याला रोल लागत नाही, धुलाई लागत नाही, बहुतेक फोटो कागदावर येतच नाहीत. विक्री झाली, पण दोऱ्याची कमाई गेली. रोलवर जो नफा सुटायचा तो कॅमेऱ्यावर कधीच सुटला नाही. जानेवारी २०१२ मध्ये कंपनीनं दिवाळखोरीचा अर्ज केला.

धडा: खप म्हणजे नफा नव्हे. "किती विकलं" हा प्रश्न अर्धा आहे. "विकून हातात काय राहिलं" हा उरलेला अर्धा.

२. लवकर आली, वेळेवर निघाली

कॅसिओ ही कंपनी कॅलक्युलेटर आणि घड्याळांची. १९९५ साली तिनं एक छोटा डिजिटल कॅमेरा बाजारात आणला. त्याच्या पाठीवर चिमुकला पडदा होता. काढलेला फोटो तिथल्या तिथं दिसायचा. आज यात काही विशेष वाटत नाही, पण तेव्हा फोटो कसा आला हे कळायला रोल संपून धुऊन येईपर्यंत थांबावं लागे. फोटो फार स्वच्छ येत नसे, तरी लोकांना तो पडदा आवडला.

कॅसिओकडे असं काय होतं? छोटा पडदा, कमी बॅटरीत चालणारी यंत्रं, सामान्य माणसाला परवडेल असा माल करायची सवय. हे सगळं तिच्या कॅलक्युलेटर आणि घड्याळांतच होतं. म्हणजे तिनं नवीन धंदा सुरू केला, पण हातातलं कसब जुनंच होतं.

बाजार वाढला तसे तिचे कॅमेरे खपले. मग फोन आले आणि बाजार आटला. २०१८ साली कॅसिओनं छोटे कॅमेरे करणं बंद केलं. कंपनी बुडाली का? नाही. घड्याळांचा धंदा चालूच होता. तिनं मूळचा धंदा मोडून कॅमेरा उभा केला नव्हता.

धडा: नवीन धंदा सुरू करताना जुना मोडू नका. आणि बंद करणं म्हणजे हरणं नव्हे. सुरुवातीचा ठराव लिहितानाच "कधी थांबायचं" हेही लिहून ठेवा.

३. नाव मोठं, पण हात दुसऱ्याचे

ॲपल ही संगणकाची कंपनी. १९९४ साली तिनं ७४९ डॉलरचा एक डिजिटल कॅमेरा विकायला काढला. चांगल्या प्रतीचे असले तर जेमतेम आठ फोटो त्यात मावत. पहिला कॅमेरा प्रत्यक्षात कोडॅकनं बनवून दिलेला, वर नाव फक्त ॲपलचं. तीन वर्षांत, १९९७ साली, कंपनीनं हा धंदा बंद केला.

पण गोष्ट इथं संपत नाही. २००७ साली तिनं फोन आणला, त्यात कॅमेरा होता. लोकांना कॅमेरा वेगळा घ्यायचाच नव्हता. त्यांना फोटो काढून लगेच पाठवायचा होता. ते काम फोननं केलं.

धडा: गिऱ्हाईक वस्तू घेत नाही, त्याचं काम होणं घेतं. पर्यटक कॅमेरा मागत नाही, आठवण मागतो. ती आठवण त्याला आधीच दुसऱ्या वाटेनं मिळत असेल, तर आपल्याकडे तो का येईल?

४. बाजार आटत असताना आलेला पाहुणा

सॅमसंग आपल्या घरात टीव्ही, फ्रीज, फोनच्या रूपानं आहे. २०१० साली तिनं लेन्स बदलता येणारे कॅमेरे नव्यानं आणले. पैशाची कमी नव्हती, तंत्रज्ञानाची नव्हती. २०१४ सालच्या तिच्या एका कॅमेऱ्याचं जाणकारांनी तोंड भरून कौतुक केलं. तरीही दोन-तीन वर्षांत ती या धंद्यातून बाहेर पडली. ज्यांनी विश्वासानं तिच्या लेन्स घेतल्या होत्या, त्यांना त्यावर बसणारा नवीन कॅमेरा मिळेना.

माल चांगला होता, मग चुकलं काय? जपानच्या कॅमेरा कंपन्यांच्या संघटनेचे आकडे बघा. २०१० साली डिजिटल कॅमेऱ्यांची विक्री १२ कोटी नगांच्या वर होती, तो सगळ्यात उंच आकडा. २०२० साली ती ९० लाखांच्या आत आली. दहा वर्षांत जिथं चौदा कॅमेरे जात होते तिथं एक जाऊ लागला. सॅमसंग ज्या वर्षी बसमध्ये चढली, त्या वर्षापासून बस उताराला लागली होती. शिवाय फोनही तीच विकत होती, आणि फोनच कॅमेऱ्याचं गिऱ्हाईक नेत होता.

धडा: गर्दी बघून बाजार ठरवू नका. गर्दी वाढतेय की कमी होतेय ते बघा. भरती-ओहोटी आपल्याला कोणी शिकवायला नको. भरपूर पाणी भरतीतही दिसतं आणि ओहोटी नुकतीच लागलेली असतानाही दिसतं.

५. जो धंदा खातो त्यालाच माल पुरवणारी

सोनी ही रेडिओ, टीव्ही, टेपरेकॉर्डरची कंपनी. तिचं बळ एका भागात होतं, ज्याला सेन्सर म्हणतात. कॅमेऱ्याचा डोळाच म्हणा. उजेड टिपून त्याचं चित्र करणारा नखाएवढा तुकडा. १९७० च्या दशकापासून सोनी त्यावर मेहनत घेत होती.

मोठ्या कॅमेऱ्यांच्या धंद्यात उतरताना सोनीकडे लेन्सचा अनुभव कमी होता. २००६ साली कोनिका मिनोल्टा ही जुनी कंपनी कॅमेऱ्यातून बाहेर पडत होती. सोनीनं तिचा तो धंदा घेतला. त्यामुळे जुन्या गिऱ्हाइकांच्या लेन्स सोनीच्या नव्या कॅमेऱ्यावर बसल्या. पॅनासॉनिकनं २००१ साली असंच केलं होतं: यंत्र आपलं, लेन्सला जर्मनीच्या लायका कंपनीची साथ.

आणि फोननं छोटे कॅमेरे खाल्ले तेव्हा सोनीचं काय झालं? तिचेही छोटे कॅमेरे कमी खपले. पण ॲपलच्या फोनमधल्या कॅमेऱ्याचा डोळा सोनीच पुरवत होती. कोणीही जिंकलं तरी सोनीचा तुकडा विकला जात होता.

धडा: आपल्याकडे दुसऱ्याकडे नसलेलं काय आहे ते ओळखा. जे नाही ते भागीदारीनं मिळवा. आणि मोठ्याशी झुंजण्याऐवजी त्यालाच लागणारी वस्तू आपण देऊ शकतो का, हे बघा.

६. रोल गेला, पण ज्ञान राहिलं

जपानची फुजी कंपनी कोडॅकसारखीच रोलची. तिच्यावरही तेच संकट आलं. पण तिथल्या लोकांनी आपल्या कोठाराची यादी केली. रोलमध्ये जिलेटिन असतं, म्हणजे आपल्या त्वचेत असतं त्याच जातीचं द्रव्य. फोटोचा रंग उडू नये म्हणून वापरायची रसायनं त्यांना ठाऊक होती. पातळ, एकसारखा थर चढवायचं कसब होतं. त्यातून त्यांनी टीव्हीच्या पडद्याला लागणारी पातळ फिल्म, औषधं-दवाखान्यांची साधनं, २००७ साली चेहऱ्याला लावायची क्रीमसुद्धा बाजारात आणली. कंपनी टिकली.

आपल्याला हे नवीन नाही. रातांब्याच्या एका फळातून सालीचं आमसूल, रसाचं आगळ, बियांचं तेल आपण काढतो. एका वस्तूचा भाव पडला तर दुसरीवर भागतं.

आणखी एक गंमत. फुजीचा एक कॅमेरा १९९८ पासून आहे, ज्यातून फोटो लगेच कागदावर बाहेर येतो. प्रत्येकाच्या हातात फोन असतानाही तो खपतो. कारण फोनमधले हजार फोटो कोणी पुन्हा बघत नाही, आणि हातात आलेला एक फोटो फ्रीजवर लागतो, पाकिटात बसतो. फोन जे देत नाही, ते तो देतो. पुळणीवरच्या ठरावासाठी हा मुद्दा लक्षात ठेवा.

७. आपल्या मातीतला माणूस

तुम्ही म्हणाल, हे सगळे परदेशी. मग आपल्या महाराष्ट्रातली दोन उदाहरणं घ्या.

पहिलं औरंगाबादच्या, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरच्या, व्हिडिओकॉनचं. रंगीत टीव्ही, वॉशिंग मशीन विकून ही कंपनी देशभर पोहोचली. मग ती तेल-वायूत गेली, घरच्या टीव्हीच्या छत्रीत गेली, मोबाईल सेवेत गेली. २ फेब्रुवारी २०१२ रोजी सर्वोच्च न्यायालयानं देशातले १२२ दूरसंचार परवाने रद्द केले, त्यात हिचेही होते. २०१८ साली कंपनीचं प्रकरण दिवाळखोरीच्या न्यायाधिकरणात गेलं. कारणं अनेक असतील, पण एवढं स्पष्ट आहे: एकामागून एक नवीन धंदे, तेही कर्जावर, आणि त्यातला एखादा तर सरकारी परवान्यावर उभा.

दुसरं उदाहरण दादासाहेब फाळके यांचं. जन्म त्र्यंबकेश्वरचा, १८७० चा. फोटोग्राफी शिकले, गोध्र्याला फोटोचा स्टुडिओ काढला, पुढं लोणावळ्याला छापखाना चालवला. मग सिनेमाच्या ध्यासानं विम्याच्या पॉलिसी गहाण ठेवून १९१२ साली लंडनला गेले आणि कॅमेरा घेऊन आले. घरच्यांना घोर लागला असेल यात शंका नाही.

पण पुढचं पाऊल बघा. त्यांनी लगेच मोठा सिनेमा काढला नाही. कुंडीत वाटाणा पेरला. रोज ठरावीक वेळानं त्याचा थोडा थोडा फोटो घेतला. पडद्यावर ते एका मिनिटात दिसलं: बी फुटतंय, कोंब वर येतोय, वेल चढतोय. हा छोटा नमुना बघून पैसे देणाऱ्याचा विश्वास बसला. मग 'राजा हरिश्चंद्र' झाला. ३ मे १९१३ रोजी मुंबईत गिरगावच्या कोरोनेशन थिएटरात तो लोकांसाठी लागला.

आणि यात सरस्वतीबाई फाळके होत्या. फिल्मला भोकं पाडायची, रात्री अंधारात ती धुवायची, शिवाय चित्रपटाच्या सगळ्या माणसांचा स्वयंपाक करायचा. त्यांच्या कामाची मजुरी कोणत्या वहीत लिहिली गेली असेल? आपल्या हिशेबात ती लिहायची आहे, म्हणून हे सांगितलं.

पुढं १९३१ साली बोलपट आला आणि मूकपटाच्या या राजाचा धंदा ओसरला. म्हणजे एकदा जिंकलं की कायमचं जिंकलं, असं धंद्यात नसतं.

८. आता आपला हिशेब

चला, पुळणीवरच्या ठरावाकडे. आकडे उदाहरणाचे आहेत. तुमच्या गटानं दुकानात विचारून खरे आकडे घालावेत.

समजा कॅमेरा ४०,००० रुपये, प्रिंटर १५,०००, जादा बॅटरी आणि पिशवी ५,०००. एकूण ६०,०००. गटाकडून महिना १ टक्का व्याजानं, २४ महिन्यांसाठी कर्ज. मुद्दलाचा हप्ता २,५०० रुपये. पहिल्या महिन्याचं व्याज ६००. म्हणजे ३,१००.

फोटोची किंमत ५० रुपये. कागद आणि शाई २० रुपये. हातात ३० रुपये.

पर्यटक मुख्यतः शनिवार-रविवार आणि सुट्टीत येतात. महिन्याला १० दिवस धरू. पुळणीवर उभ्या राहणाऱ्या ताईची मजुरी दिवसाला ३०० रुपये, म्हणजे महिन्याला ३,०००. दुरुस्तीसाठी बाजूला ५००.

महिन्याचा खर्च: ३,१०० + ३,००० + ५०० = ६,६००. भागिले ३०, म्हणजे २२० फोटो. १० दिवसांत, म्हणजे रोज २२ फोटो. "जमेल की!" असं वाटतं.

थांबा. पावसाळा विसरलो. जून ते सप्टेंबर पुळणीवर हा धंदा नाही. पण हप्ता थांबत नाही. म्हणून हिशेब वर्षाचा करायचा.

पहिल्या वर्षाचं मुद्दल ३०,०००. व्याज, मुद्दल कमी होत जातं ते धरून, ५,५५०. आठ महिन्यांची मजुरी २४,०००. दुरुस्ती ६,०००. एकूण ६५,५५०. भागिले ३० म्हणजे २,१८५ फोटो. कामाचे दिवस ८०. रोज २८ फोटो विकले तर फक्त खर्च निघतो. नफा त्यापुढं.

आणि हे सगळं नीट झालं तर. ३ जून २०२० चं निसर्ग वादळ आपल्यातल्या कोणाला विसरता येईल? माड-पोफळी आडव्या झाल्या, घरांची छपरं गेली, आणि त्याआधीच टाळेबंदीनं पर्यटक थांबले होते. असं एक वर्ष आलं तर हप्ता कुठून भरायचा, याचं उत्तर ठरावात हवं.

आता वाटाण्याची कुंडी करून बघू. कॅमेरा घ्यायचाच नाही. गटात एकीकडे तरी बरा फोन असतोच. पर्यटकाकडे तर स्वतःचा असतो, त्यातलाच आवडता फोटो तो आपल्याला पाठवेल. फक्त प्रिंटर घ्यायचा, १५,००० रुपये, १० महिन्यांत फेड. व्याज ८२५. मजुरी तीच २४,०००. दुरुस्ती २,०००. एकूण ४१,८२५. भागिले ३० म्हणजे १,३९५ फोटो, रोज साधारण १८. २८ आणि १८ यात फरक मोठा. आणि धंदा नाही जमला तर अडकले १५,०००, साठ हजार नव्हेत.

याहून बरं म्हणजे फोटो एकटा विकू नये. ज्या मैत्रिणी घरी पर्यटकांची राहण्या-जेवण्याची सोय करतात, त्यांच्या ओसरीवर हा प्रिंटर ठेवता येईल. जाताना कुटुंबाचा एक फोटो, सोबत आमसुलं, आगळ, कुळथाचं पीठ. मग उभं राहण्याची वेगळी मजुरीही लागत नाही. पन्नास रुपयांच्या फोटोपेक्षा पिशवीतल्या मालावर जास्त सुटेल. सोनीचा धडा आठवा: आपलं बळ कुठं आहे? ते कॅमेऱ्यात नाही, ओसरीत आणि स्वयंपाकघरात आहे.

९. मग कंपनीनं कॅमेऱ्यात उतरावं का?

आता सुरुवातीच्या प्रश्नाचं उत्तर देता येईल. सरसकट "हो" नाही, सरसकट "नाही"ही नाही. कॅसिओनं १९९५ ला उतरणं बरोबर होतं, कारण बाजार नुकता उगवत होता आणि कसब हातात होतं. २०१० नंतर नव्यानं उतरणं बहुतेकांना महागात पडलं असतं, कारण फोननं ते काम फुकटात करायला सुरुवात केली होती. एकच धंदा, पण वेळ वेगळी, हातातलं बळ वेगळं, म्हणून उत्तर वेगळं.

म्हणून शेजारच्या वाडीतल्या गटाला एखादा धंदा जमला, एवढ्यावर आपण हात वर करू नये. आणि त्यांचा बसला म्हणून आपण घाबरूही नये. ठरावाआधी हे सहा प्रश्न विचारावेत:

• या धंद्याचं गिऱ्हाईक वाढतंय की घटतंय? तीन हंगामांचं बघा, एका दिवाळीचं नको.
• गिऱ्हाइकाचं हे काम आज दुसरं कोण करतं, आणि किती स्वस्तात?
• दुसऱ्याकडे नाही असं आपल्याकडे काय आहे?
• आपली मजुरी, पावसाळा, दुरुस्ती धरून हातात काय राहतं?
• सगळ्यात छोटा नमुना कोणता? तो किती पैशात आणि किती दिवसांत होईल?
• कोणत्या आकड्याला थांबायचं? आणि एक हंगाम बुडाला तर हप्ता कुठून?

बैठकीत कोणी नवीन कल्पना मांडली तर तिला गप्प करू नका. कल्पना मांडणारीनंच हे सहा प्रश्न घेऊन चार दुकानांत, चार घरांत विचारून यावं, त्यासाठी तिला महिनाभर वेळ द्यावा. गटातली लिहिती-वाचती मैत्रीण तिच्यासोबत जाईल. कर्ज जिच्या नावावर पडणार, ती आणि जिला हप्ता चुकला तर गटापुढं उभं राहावं लागणार, ती, दोघींना हिशेब समजलाच पाहिजे. "अध्यक्षताईंनी सांगितलं म्हणून सही केली" हे उत्तर बँकेत चालत नाही.

चर्चेचे प्रश्न

१. कोडॅकचा दोरा रोल होता. आपल्या गटाच्या चालू धंद्यात कमाई नेमकी कुठल्या वस्तूवर आहे? ती वस्तू लागेनाशी झाली तर?

२. आपल्या गावात गेल्या पाच वर्षांत कोणता धंदा फोनमुळे कमी झाला? कोणता फोनमुळे वाढला?

३. वरचा हिशेब पुन्हा मांडा. फोटोची किंमत ४० रुपये केली तर हातात २० राहतात. मग कॅमेऱ्याच्या ठरावात रोज किती फोटो विकावे लागतील? (उत्तर: ६५,५५० भागिले २०, म्हणजे ३,२७८ फोटो. ८० दिवसांत, रोज ४१.)

४. गटातल्या प्रत्येकीनं आपल्या हातातलं एक कसब सांगावं. सचिवांनी त्याची यादी वहीत लिहावी. दोन जणींची कसबं जोडून काही होतं का, ते बघावं.

५. गटानं आधी सुरू करून बंद केलेला एखादा उपक्रम असेल, तर त्याचा जमा-खर्च काढा. तो कधी थांबवायला हवा होता, ते ठरवून इतिवृत्तात नोंदवा.

चर्चेची नोंद इतिवृत्तात करून पुढच्या ग्रामसंघाच्या बैठकीत घेऊन यावी. ज्या गटांनी छोटा नमुना करून पाहिला असेल, त्यांनी खर्च, विक्री आणि उरलेली रक्कम असे तीन आकडे सोबत आणावेत. तोटा झाला असेल तरी आणावेत. दुसऱ्या गटाचे पैसे त्यानं वाचतील.